'सांत' आणि 'संत' : सारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळांतले शब्द

सर्व संतांचा सण (१ नोव्हेंबर) जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. इंग्रजीतील 'सेंट' आणि आपल्या मराठीतील 'संत' हा मुळात एकच शब्द आहे का? उच्चार सारखा, अर्थही जवळपास सारखा. तेव्हा मुलांना असे वाटणे स्वाभाविक आहे. मोठ्या माणसांची मात्र या प्रश्नावर ठाम मते असतात. काहींच्या मते संस्कृतातील 'संत' हाच शब्द प्रवास करीत युरोपात पोहोचला व तिथे त्याचा 'सेंट' झाला. इतर काहीजण याच्या नेमके उलट सांगतात. मिशनऱ्यांनी आपला 'सेंट' येथे आणला, त्याला मराठी पेहराव चढवला आणि 'संत' म्हणून चालवला. म्हणून हा शब्द आपल्या उपासनेत वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील वस्तू न विचारता उचलण्यासारखे आहे, असे त्यांना वाटते. हे दुसरे मत कधी शेजाऱ्यांकडून ऐकू येते, तर कधी आपल्याच भाविकांकडून.

ही दोन्ही मते चुकीची आहेत. पण नुसते चुकीचे म्हणून सोडून देण्यासारखी ती नाहीत; कारण या दोन शब्दांची खरी जन्मकथा ठाऊक नसल्यामुळे आपल्या भक्तिजीवनातही काही घोटाळे होतात, आणि त्यांतील एक घोटाळा बराच गंभीर आहे. त्याकडे लेखाच्या शेवटी येऊ.

नाशिककरांना या शब्दाचा शोध घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तेथे ठिकठिकाणाहून दिंड्या येतात आणि 'संत' हा शब्द दिवसभर कानावर पडतो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारी महिन्यात, नाशिक रोड येथे बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरचे भाविक येतात. तेथील मिस्सात आणि प्रार्थनांतही संतांची नावे घेतली जातात. एकाच जिल्ह्यात, एकाच भाषेत, दोन श्रद्धापरंपरा एकच शब्द उच्चारतात. तो खरोखर एकच आहे का, हे पाहण्यासाठी प्रथम त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्याकडे फारसा न वापरल्या जाणाऱ्या शब्दाची ओळख करून घेऊ. तो शब्द म्हणजे 'सांत'.

गोव्यातून आलेला 'सांत'

'सांत' हे पोर्तुगीज 'सांतो' या शब्दाचे कोकणी रूप. पोर्तुगीजमध्ये हा शब्द पुढील नावाप्रमाणे आपले रूप बदलतो. स्त्रीसंताच्या नावामागे 'सांता' येते. पुरुषसंताच्या नावाची सुरुवात स्वराने होत असेल तर 'सांतो', आणि व्यंजनाने होत असेल तर आखूड, अनुनासिक 'सांव'. गोव्याच्या नकाशावर ही सारी रूपे विखुरलेली आहेत. मांडवीच्या परिसरातील बेटाचे नाव सांत इस्तेव, म्हणजे संत स्तेफन. पणजीतील वस्तीचे नाव सांतिनेज, म्हणजे संत आग्नेस. सासष्टीतील गावाचे नाव सां जुझे द आरियल. त्यातला 'जुझे' म्हणजे संत योसेफ. २४ जूनला तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात तो सण 'सांजांव', म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा जन्मदिन. गोव्याच्या जुन्या कोकणी प्रार्थनांत पवित्र आत्म्यालाही 'इस्पिरितु सांतु' असेच म्हटले जाई.

मुंबईची लोकल गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या घराण्यातील एक शब्द नकळत तोंडपाठ असतो. सांताक्रूझ! या नावात कोणी संत नाही. 'क्रूझ' म्हणजे क्रूस, आणि तो शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याच्यामागे 'सांता' आले. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. नाताळात भेटणारा 'सांता' मात्र पोर्तुगीज नव्हे. चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप संत निकोलस यांना डच लोक 'सिंटरक्लास' म्हणतात. ते नाव अमेरिकेत पोहोचून इंग्रजी तोंडात 'सांता क्लॉज' बनले. त्यामुळे पांढरी दाढी असलेल्या एका बिशपांना स्त्रीलिंगी भासणारे नाव मिळाले, आणि आता ते बदलण्याची आशा नाही.

तिसवाडीतील तळावली या गावी संत ॲनाचे भव्य चर्च आहे. पोर्तुगीज 'सांताना' हे नाव तेथे 'सांतान' म्हणून रूढ झाले. कानाला ते मराठी-संस्कृत 'संतान' या शब्दाच्या अगदी जवळचे. 'संतान' मात्र 'तन्' म्हणजे ताणणे, विस्तारणे या धातूपासून आलेला, वंशविस्तार सांगणारा वेगळा शब्द आहे. आता योगायोग पाहा. पवित्र मरियेची आई संत ॲन हिच्या या चर्चमध्ये जुलै महिन्यात जो काकड्यांचा सण भरतो, त्यात अपत्य व्हावे म्हणून दांपत्ये काकडी अर्पण करतात. 'सांतान'कडे 'संतान' मागितले जाते! या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे नाते अजिबात नाही. तरीही अशा ध्वनिसाम्याकडे पाहून हसून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. शब्दांचे मूळ एक असते आणि लोकांच्या मनात त्यांचा होणारा मेळ वेगळा असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांची गल्लत करू नये.

मराठीतही 'सांत' नावाचा एक शब्द आहे आणि तो शाळेतील मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असतो. गणितात 'सांत संच' आणि 'अनंत संच' असे दोन प्रकार शिकवले जातात. हा 'सांत' म्हणजे स + अंत, ज्याला अंत आहे तो. तत्त्वज्ञानाच्या मराठी ग्रंथांतही 'सांत जीव' आणि 'अनंत परमेश्वर' अशी भाषा आढळते. गोव्याचा 'सांत' आणि गणिताचा 'सांत' लिहिताना तंतोतंत सारखे दिसतात. अर्थाच्या दृष्टीने त्यांचा काहीएक संबंध नाही. सर्व संतांच्या सणाला प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातून जे वाचन होते, त्यात प्रथम १,४४,००० जणांवर शिक्का मारल्याचे सांगितले आहे. ही संख्या कितीही मोठी असली तरी गणिताच्या भाषेत 'सांत' आहे. त्यानंतर लगेच, कोणालाही मोजता येणार नाही असा मोठा लोकसमुदाय योहानाला दिसतो. वर्गात हे वाचन समजावताना गणिताच्या शिक्षकांची मदत घ्यायला हरकत नाही.

लॅटिनमधील मूळ

पोर्तुगीज 'सांतो', इटालियन 'सांतो', फ्रेंच 'सँ', इंग्रजी 'सेंट' या सर्वांचा पूर्वज लॅटिन 'सांक्तुस' हा आहे. 'सांकिरे' या क्रियापदाचे ते धातुसाधित रूप. सांकिरे म्हणजे विधिपूर्वक ठरवून टाकणे, कोणी हात लावू नये असे करणे. रोमन कायद्यात नगराचे तट आणि वेशी यांना 'सांक्तुस' म्हणत, कारण त्यांचा भंग करणे हा अपराध होता. म्हणजे हा शब्द ख्रिस्ती होण्यापूर्वी दगडी भिंतींना लावला जात होता. त्याच कुळातील दोन शब्द आजही मराठी माणसाच्या तोंडी आहेत. बँकेत कर्ज 'सँक्शन' होते, म्हणजे ते विधिवत मान्य होते. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर ही पक्ष्यांची 'सँक्च्युअरी' आहे, म्हणजे जिथे पक्ष्याला कोणी इजा करू नये असा राखून ठेवलेला प्रदेश. आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी असलेला 'साक्रामेंत' हा शब्दही याच मोठ्या कुटुंबातला.

इंग्रजी 'सेंट'च्या बाबतीत देवनागरी लिपीने आणखी एक गोंधळ घातला आहे. 'सेंट झेवियर्स' मधील सेंट, कपड्यांना लावायचा सुगंधी सेंट आणि डॉलरचा शंभरावा भाग असलेला सेंट, हे तिन्ही आपण एकसारखे लिहितो. सुगंधाचा सेंट हा जाणवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. नाण्याचा सेंट लॅटिन 'सेंतुम' म्हणजे शंभर या शब्दापासून आला आणि तो आपल्या 'शत' शब्दाचा सख्खा चुलतभाऊ आहे. म्हणजे संस्कृतशी नाते सांगायचेच असेल तर ते पैशाच्या सेंटला सांगता येते, चर्चच्या सेंटला नाही.

संस्कृतातील मूळ

आता आपल्या 'संत' शब्दाकडे वळू. संस्कृतात 'अस्' म्हणजे असणे हा धातू आहे. त्याचे वर्तमानकालवाचक धातुसाधित 'सत्', म्हणजे असणारा, असलेला. पुल्लिंगी एकवचनात ते 'सन्' होते आणि अनेकवचनात 'सन्तः'. या 'सन्त' रूपावरून प्राकृत भाषांत व पुढे मराठी-हिंदीत 'संत' आला. जे आहे तेच खरे, आणि जे खरे तेच चांगले, अशा पायऱ्यांनी 'असणारा' या शब्दाला 'सज्जन' असा अर्थ प्राप्त झाला. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात 'सत्' हा शब्द अस्तित्व आणि चांगुलपणा या दोन्ही अर्थांनी वापरला जातो असे स्पष्टच सांगितले आहे. 'सत्य' हा शब्द याच 'सत्' पासून झाला. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या प्रस्तावनेत 'सन्तः' म्हणजे देवभक्त नव्हेत. जुने काय, नवे काय, हे पारखून मग स्वीकारणारे सुज्ञ लोक, असा तेथे अर्थ आहे. 

'सत्' चे स्त्रीलिंगी रूप 'सती'. संत आणि सती ही व्याकरणाने एकाच शब्दाची दोन रूपे! पुरुषाच्या बाजूने हा शब्द भक्तिमार्गावर गेला आणि स्त्रीच्या बाजूने पतिनिष्ठेकडे व पुढे चितेकडे गेला. मराठीने मात्र येथे मोठेपणा दाखवला. संत मुक्ताबाई, संत जनाबाई, संत बहिणाबाई म्हणताना मराठी भाषा लिंगभेद करीत नाही. म्हणूनच आपणही 'संत ॲन' आणि 'संत ॲन्थनी' असे एकाच शब्दाने म्हणू शकतो. पोर्तुगीजांना यासाठी वेगवेगळी रूपे लागतात.

काही अभ्यासकांनी 'संत' हा शब्द 'शांत' पासून आला असावा असे सुचवले आहे. हिंदीचे विद्वान पीतांबरदत्त बडथ्वाल हे त्यांपैकी एक. यात तथ्यांश इतकाच की पाली भाषेत 'शान्त', 'श्रान्त' म्हणजे थकलेला, आणि 'सन्त' म्हणजे असणारा, हे तिन्ही शब्द झिजून एकाच 'सन्त' रूपात मिळाले. तरीही मराठी 'संत' शब्दाचा अर्थविकास 'सत्' वरूनच अधिक सरळ उलगडतो, आणि बहुतेक विद्वानांचे मत तेच आहे.

कुळे वेगळी कशी ओळखायची?

लॅटिन आणि संस्कृत या भाषा एकाच भारोपीय कुटुंबातल्या आहेत. मग 'सांक्तुस' आणि 'संत' यांचे नाते नाही हे कशावरून? उत्तर सोपे आहे. नातेवाईक शब्दांतील ध्वनींची देवाणघेवाण ठराविक नियमाने होते. संस्कृत 'दन्त' याला लॅटिनमध्ये 'देन्त' हा जोडीदार आहे; त्यावरूनच आपल्याकडे 'डेंटिस्ट' आला. याच नियमाने 'सन्त' ला लॅटिनमध्ये 'सेन्त' असा जोडीदार हवा. 'सांक्तुस' मध्ये जो 'क्' ठाण मांडून बसला आहे तो 'सन्त' मध्ये कुठेच नाही, आणि तो वाटेत हरवला असे म्हणायलाही नियमाचा आधार नाही.

'सन्त' चा तो खरा लॅटिन जोडीदार मग कुठे आहे? तो रोज सकाळी आपल्या शाळांमध्ये ऐकू येतो. हजेरी घेताना मुले 'प्रेझेंट' म्हणतात. गैरहजर मुलाच्या नावापुढे 'ॲबसेंट' लिहिले जाते. या दोन शब्दांच्या शेवटी जो 'सेंट' आहे तो 'असणारा' या अर्थाचा आहे. समोर असणारा तो प्रेझेंट, दूर असणारा तो ॲबसेंट. तोच 'संत' शब्दाचा रक्ताचा नातेवाईक. आणखी एक नातेवाईक आहे, पण त्याची ओळख करून देताना थोडा संकोच वाटतो. लॅटिनमध्ये 'सोन्स' म्हणजे अपराधी. 'तो हाच' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो. हा शब्दही 'असणे' या धातूपासून झाला असे मानले जाते, आणि पाप या अर्थाचा इंग्रजी 'सिन' शब्दही त्याच मुळाचा असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणजे इंग्रजीत 'संत' चा भाऊ शोधायला निघालो तर तो 'सेंट' च्या घरी नव्हे, 'सिन' च्या घरी सापडतो. कबुलीसंस्काराच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

'संत' आणि 'सेंट' यांचे हे फसवे साम्य अभ्यासकांनी केव्हाच नोंदवले आहे. १९८७ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला नाशिक धर्मप्रांत अस्तित्वात आला त्याच वर्षी, कारिन शोमर आणि डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांनी भारतीय संतपरंपरेवर संपादित केलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शोमर यांनी वाचकाला या साम्यापासून सावध केले आहे. मात्र तोवर उशीर झाला होता. निकोल मॅक्निकोल यांनी १९१९ साली मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना शीर्षकातच त्यांना 'सेंट' म्हटले, आणि जस्टिन ॲबट यांनी १९२६ पासून महाराष्ट्राच्या कविसंतांवर जी ग्रंथमाला काढली तीही त्याच नावाने. अशा रीतीने मराठी 'संत' इंग्रजीत 'सेंट' झाले, आणि आपल्या चर्चमध्ये 'सेंट' मराठीत 'संत' झाले. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांचे अंगरखे घालावेत तसे.

पवित्र शास्त्राची भाषा

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की 'सांक्तुस' हादेखील मूळ शब्द नव्हे. तोही अनुवादच आहे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत 'कादोश' हा शब्द आहे. त्याचा अर्थ वेगळा काढलेला, परमेश्वरासाठी राखून ठेवलेला. यरुशलेमचे अरबी नाव 'अल्-कुद्स' याच सेमिटिक मुळाचे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला तेव्हा 'कादोश' साठी 'हागिओस' हा शब्द वापरला गेला. 'हागिओस' हा संस्कृत 'यज्' धातूचा, म्हणजे 'यज्ञ' आणि 'यजमान' या शब्दांचा नातेवाईक आहे असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यानंतर ग्रीक 'हागिओस' चा लॅटिन अनुवाद 'सांक्तुस' झाला.

लॅटिनमधून मराठीत येताना एक मनोरंजक गोष्ट घडली. लॅटिनमध्ये परमेश्वर, आत्मा, क्रूस, ख्रिस्तसभा, पेत्र, पौल, सर्वांना एकच विशेषण लागते: सांक्तुस, किंवा त्याची लिंगानुसार रूपे. मराठीने त्याचे दोन भाग केले. परमेश्वराची स्तुती करताना मिस्सात आपण तीनदा 'पवित्र' म्हणतो. आत्मा पवित्र, क्रूस पवित्र. पण पेत्राचे नाव आले की आपण 'संत पेत्र' म्हणतो. 'पवित्र' हा शब्द 'पू' म्हणजे स्वच्छ करणे या धातूचा. वेदांत सोमरस गाळण्याच्या साधनाला 'पवित्र' म्हणत, आणि रामकुंडावर श्राद्धविधीच्या वेळी बोटात घातली जाणारी दर्भाची अंगठीही 'पवित्र' किंवा 'पवित्रक' या नावाने ओळखली जाते. एका लॅटिन शब्दाच्या जागी मराठीने एक गाळून शुद्ध केलेला शब्द ठेवला आणि दुसरा 'असण्या'चा शब्द ठेवला. लॅटिन भाषा जाणणाऱ्याला यात नुकसान दिसेल: देवाचे पावित्र्य आणि पेत्राचे पावित्र्य यांना जोडणारा धागा मराठीत दिसेनासा होतो. मराठी बायबलमध्ये तो धागा राखला आहे. संत पौल फिलिप्पै येथील बंधुभगिनींना पत्र लिहितो तेव्हा त्यांना 'हागिओस' असे संबोधतो, आणि मराठी बायबल त्यासाठी 'पवित्र जन' असा शब्द योजते. ते सारे जिवंत, संसारी, आपसांत कुरबुरी करणारे लोक होते हे विसरता येत नाही.

आपल्या भागात 'सांत' का आला नाही?

गोवा आणि वसई येथे पोर्तुगीज सत्ता होती. नाशिक-अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) भागात ती कधीच नव्हती. येथील कॅथलिक समाज मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, जर्मन भाषिक येशूसंघीय धर्मगुरूंच्या कार्यातून, खेड्यापाड्यांत उभा राहिला. या गावांत आषाढीची वारी माहीत नाही असे घर नव्हते. चोखोबांची वेदना तर त्यांतील अनेकांना स्वतःची वाटत होती. त्यांना 'सांव' किंवा 'सांत' हा शब्द शिकवण्याचे कारण नव्हते. 'संत' हा शब्द त्यांच्या ओठांवर आधीपासूनच होता. प्रॉटेस्टंट बंधूंमध्येही हेच दिसते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे अहमदनगरला सेवा केलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत.

तेव्हा 'संत' हा शब्द आपण कोणाच्या देव्हाऱ्यातून उचललेला नाही. तो आपल्या आज्यापणज्यांच्या बोलीतील शब्द आहे. त्याचबरोबर तो युरोपने आपल्याकडून नेलेला शब्दही नाही. शेजाऱ्याशी बोलताना 'आमचा सेंट म्हणजे तुमचाच संत, मूळ एकच' असे म्हणून खोटी जवळीक साधण्याची गरज नाही. मूळ एक नाही, हे मान्य करून बोललेले बरे.

व्याकरणातला फरक आणि भक्तीतला घोटाळा

आता त्या गंभीर घोटाळ्याकडे येऊ. 'संत' हे कर्तरी, वर्तमानकाळाचे रूप आहे: जो 'आहे' तो. 'सांक्तुस' हे कर्मणि, भूतकाळाचे रूप आहे: ज्याला 'केले गेले' तो. व्याकरणातील हा फरक दोन परंपरांतील फरकाशी विलक्षण जुळतो. वारकरी परंपरेत कोणाला संत म्हणायचे हे ठरवणारे कार्यालय नाही. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात म्हटले आहे की विठ्ठल संप्रदायात 'संत' हा जवळजवळ पारिभाषिक शब्द असून त्या संप्रदायाचा अनुयायी हाच त्याचा अर्थ. पुढे लोकांच्या प्रेमाने, कीर्तनांनी आणि महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) सारख्या ग्रंथांनी ती नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकवली.

कॅथलिक श्रद्धेनुसार मात्र कोणीही स्वतःहून पवित्र नसतो. परमेश्वर त्याला कृपेने पवित्र करतो. ही कृपा स्नानसंस्कारात सर्वांना मिळते, म्हणून पौलाच्या अर्थाने आपण सारे पवित्र जन आहोत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात पावित्र्याचे आमंत्रण सर्वांनाच आहे असे शिकवले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली आपल्या प्रेषितीय पत्रात शेजारच्या घरातील संतांविषयी लिहिले. परंतु ज्या नावाने सार्वजनिक उपासना करायची, ज्याच्या नावाने वेदी उभारायची, त्या नावाबाबत ख्रिस्तसभेचा निर्णय आवश्यक असतो. पोपनी विधिपूर्वक संतपद जाहीर केल्याची पहिली नोंद ९९३ सालची, ऑग्सबुर्गचे बिशप संत उल्रिक यांची आहे. १६२५ व १६३४ साली पोप अष्टम उर्बन यांनी नियम अधिक कडक केले. संमती मिळाल्याशिवाय कोणाच्या चित्राला तेजोवलय लावू नये, थडग्यापाशी सार्वजनिक पूजेची चिन्हे ठेवू नयेत, असे त्यांनी ठरवून दिले.

आपल्या गावांत एखादे वृद्ध धर्मगुरू, एखादी रुग्णसेविका सिस्टर किंवा आयुष्यभर पायी फिरलेले धर्मशिक्षक निवर्तले की लोक त्यांना 'संत' म्हणू लागतात. मराठी भाषेच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. 'संतमाणूस' हा शब्द आपण जिवंत व्यक्तीलाही लावतो. चूक घडते ती पुढच्या पायरीवर. भावनेच्या भरात फलकावर नावामागे 'संत' रंगवले जाते, नोवेना छापली जाते, कबरीपाशी तेलवात सुरू होते. मराठीतील कर्तरी 'संत' नकळत लॅटिनच्या कर्मणि 'सांक्तुस' च्या जागी जाऊन बसतो. यात नुकसान त्या दिवंगत व्यक्तीचेच होते. तिच्या पावित्र्याची चौकशी कधी सुरू झालीच, तर अवैध सार्वजनिक पूजा झालेली नाही, हे दाखवून द्यावे लागते. खासगी प्रार्थना करण्यास, तिच्या मध्यस्थीसाठी घरी विनवणी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. आठवणी लिहून ठेवाव्यात, पत्रे जपावीत, मिळालेल्या कृपादानांची तारीखवार नोंद करून धर्मग्रामात द्यावी. याचा पुढे खरा उपयोग होतो.

धर्मसभेने ठरवलेल्या पायऱ्या आपल्या मराठीत चांगल्या रुळल्या आहेत: ईश्वरसेवक, मग आदरणीय, मग धन्यवादित आणि शेवटी संत. या वाटेला किती काळ लागू शकतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. ज्या पोप अष्टम उर्बन यांनी ते कडक नियम केले, त्यांनीच १६२७ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यानंतर वसईवरील पोर्तुगीज सत्ता गेली, मराठ्यांचे राज्य आले आणि गेले, इंग्रज आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. मधली २३५ वर्षे वसईच्या भाविकांना त्यांच्या नावामागे धन्यवादित याहून मोठी पदवी लावता येत नव्हती.